"लांब जातं हो!"

"बाबा, २.४ लावू की ५.८?" आमच्या चिरंजीवांनी एवढं विचारायचा अवकाश, मित्रमंडळींतून उत्तर हजर : "२.४ लाव रे, लांब जातं!" वाचकहो, माझं भांडण याच उत्तराशी आहे.

विज्ञान खोटं नाही. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब, ५.८ ची जेमतेम पाच. तेवढ्याच ताकदीत मोकळ्या जागी २.४ चा पल्ला दुपटीहून जास्त, शिवाय भिंती-झाडांतूनही ती बरी जाते. पण मोकळी जागा आहे कुठे? आपण राहतो टॉवरांच्या गर्दीत. प्रत्येक फ्लॅटचं वायफाय, ब्लूटूथ हेडफोन, एवढंच कशाला, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हसुद्धा याच २.४ च्या पट्ट्यात गलका करतो. वायफायचे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तिथे तीनच. भर मंडईत कुजबुजावं तशी गत! वस्तीजवळ ५.८, वाळवंटात २.४, आणि उडवण्याआधी त्या जागी कुठला चॅनेल मोकळा आहे ते पाहावं. हिशेब एवढाच.

खरा रोग वेगळाच आहे. ड्रोन डोळ्यांना दिसेल इतकाच दूर न्यायचा असतो. तेवढ्याला दोन्ही पट्टे पुरून उरतात. मग किलोमीटरच्या गप्पा कशाला? पल्ला वाढावा म्हणून सेटिंगमध्ये देश बदलून अमेरिका निवडणारे महाभाग मी पाहिले आहेत. (त्यांतले दोघे इंजिनिअर!) इथल्या हवेत किती ताकदीने बोलायचं, हे इथलं दूरसंचार प्राधिकरण ठरवतं, आपण नव्हे.

जून २०१६ मध्ये विनापरवाना ड्रोनमुळे दुबई विमानतळ ६९ मिनिटं बंद राहिला. जानेवारी २०२२ मध्ये अबुधाबीवरच्या हल्ल्यात दोन भारतीयांसह तिघे गेले आणि पाठोपाठ हौशी उड्डाणांवर बंदी आली. तेव्हा गृहखात्याने बोट ठेवलं ते हौशी मंडळींवर : परवानगीचं क्षेत्र सोडून ती भलतीकडे जातात म्हणून. म्हणजे "लांब जातं" हीच तक्रार होती!

२५ नोव्हेंबर २०२४ पासून बंदी टप्प्याटप्प्याने सैल होऊ लागली, पहिला मान कंपन्यांना आणि सरकारी संस्थांना. तोवर आमच्या घरचा ड्रोन कपाटावर धूळ खात होता. बॅटरी फुगली, ती टाकून दिली. चिरंजीवांनी चकार शब्द काढला नाही, हे मला जास्त लागलं.

असो. यापुढे ज्या काकांना त्याला सल्ला द्यायचा असेल, त्यांनी आधी स्वतःचा परवाना दाखवावा. पट्ट्याचं मग बोलू.