चिकटवलेल्या पापण्या उतरवायच्या कशा?

तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे लग्नसराईला तोंड फुटते. पूर्वी नवरीच्या डोळ्यांना काजळाची रेघ पुरत असे. आता भद्रावती-वरोऱ्याच्या मुलीही चंद्रपूरला नाही तर नागपूरला जाऊन पापण्यांचे एक्स्टेन्शन करून येतात. नवरीच काय, करवल्याही मागे नसतात! हौसेवर माझा मुळीच आक्षेप नाही, डोळे दिसतातही छान. पण लग्न एका दिवसात आटोपते आणि या पापण्या पुढे तीन-चार आठवडे डोळ्यांवर राहतात. मग एक दिवस आरशात पाहावे तर निम्म्या गळालेल्या, उरलेल्या वाकड्यातिकड्या. बोटे आपसूक तिकडे वळतात आणि ओढाओढ सुरू होते. नुकसान होते ते इथेच.

आधी आपल्या डोळ्यांवर नेमके काय आहे ते ओळखायला हवे. एक असते ती पट्टी. नाटकातल्या नट्या लावतात तशी अख्खी पट्टी पापणीच्या कातडीवर चिकटवायची आणि रात्री काढून ठेवायची. तिचा गोंद सौम्य असतो. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस डोळा मिटून दोन-तीन मिनिटे ठेवला, कडेला थोडे तेल लावले, की बाहेरच्या कोपऱ्याकडून ती अलगद सुटते. तिची फारशी काळजी नको.

दुसरा प्रकार म्हणजे एक्स्टेन्शन. यात आपल्या पापणीच्या एकेका केसावर एकेक कृत्रिम केस चिकटवलेला असतो. त्याला वापरतात तो गोंद सायनोअॅक्रिलेट जातीचा, म्हणजे घरातल्या फेविक्विकच्याच कुळातला. १९४२ मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर नावाच्या रसायनतज्ज्ञाच्या हाती हे रसायन लागले, ते ज्याला त्याला चिकटून बसते म्हणून तेव्हा बाजूला ठेवले गेले आणि १९५८ मध्ये गोंद म्हणून बाजारात आले. हवेतल्या ओलाव्यानेच ते घट्ट होते. तेव्हा नुसत्या पाण्याने ते सुटेल ही आशा धरू नये.

आमच्या गल्लीतली नवी सून अशीच एका संध्याकाळी माझ्याकडे आली. लग्नाला महिना होत आलेला, दुसऱ्या दिवशी माहेरी जायचे होते. सासूबाई सकाळपासून "हे काय डोळ्यावर झाडू लावल्यासारखं!" म्हणून बोलत होत्या. हातात नेलपॉलिश काढायची बाटली आणि कापूस. म्हणाली, "ताई, यानं फेविक्विक निघते म्हणतात. पुसून टाकू काय?"

तिने ऐकलेले खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते धोक्याचे! नेलपॉलिश काढायच्या पुष्कळशा द्रवांत अॅसिटोन असते आणि अॅसिटोनने हा गोंद खरोखरच विरघळतो. पण बोटावरचे कातडे वेगळे आणि बुबुळ वेगळे. एक थेंब आत ओघळला तर बुबुळाचा वरचा नाजूक पडदा भाजल्यासारखा होतो. थिनर, पेट्रोल, रॉकेल, स्पिरिट यांचेही तेच. कोणी कितीही खात्रीने सांगो, यांतली एकही वस्तू डोळ्यांजवळ नेऊ नये. कात्रीने कापायला गेले तर आपलेच केस आखूड होतात, आणि दचकून हात हलला तर काय होईल ते सांगायला नको.

आता ओढू का नये, तेही पाहू. पापणीचा केस डोक्याच्या केसासारखा वाढतच जात नाही. तो ठरावीक लांबीचा होतो, काही काळ थांबतो आणि गळून पडतो. रोज दोन-चार केस असे आपोआप गळतात, आपल्या लक्षातही येत नाही. एक्स्टेन्शन या केसालाच चिकटलेले असल्यामुळे केस गळला की तेही जाते. म्हणजे काहीच केले नाही तरी सहा-आठ आठवड्यांत बहुतेक सगळे आपसूक जाणार. ओढून काढले तर ज्याची वेळ झालेली नाही तो केसही मुळासकट येतो. तो पुन्हा यायला दोन-तीन महिने तरी जातात. वारंवार ओढले आणि मूळच दुखावले, तर त्या जागी केस येईलच असे नाही.

लवकर काढायचेच असेल, तर जिथे लावले तिथेच जाऊन काढून घेणे सर्वांत बरे. तिथे डोळ्याखाली पट्टी लावतात, डोळे मिटून आडवे झोपवतात, लेपासारखे घट्ट रिमूव्हर फक्त जोडावर लावतात आणि काही मिनिटांनी कृत्रिम केस सरकवून काढतात. हेच रिमूव्हर हल्ली घरपोच मिळते, म्हणून मागवावेसे वाटते. पण अडचण साधी आहे. डोळा मिटल्याशिवाय ते लावता येत नाही, आणि मिटला की आरशात दिसत नाही! स्वतःचे स्वतः हे करू नये. पातळ पाण्यासारखे रिमूव्हर तर घरात आणूच नये.

घरी करता येते ते इतकेच, आणि त्याला दोन-चार संध्याकाळी लागतात. चष्म्याऐवजी कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या आधी काढाव्यात. हात साबणाने धुवावेत. स्वच्छ मऊ फडके कोमट पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पाच-सात मिनिटे ठेवावे. आपल्या मनगटावर सोसेल इतकेच गरम असावे. पातेल्यावर वाकून वाफ घेऊ नये, चेहरा भाजतो. मग इअरबडवर अगदी थोडे बेबी ऑइल किंवा खोबरेल घेऊन, डोळा मिटून, जोड असतो तिथून टोकाकडे हळू फिरवावे. हे काम बहिणीने किंवा जावेने केले तर उत्तम. खोबरेल नव्या, स्वच्छ बाटलीतले घ्यावे, फोडणीच्या डब्याशेजारचे नको. (थंडीत आपल्याकडे ते गोठते, तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवावी.) दहा मिनिटांनी पुन्हा इअरबड फिरवावा. सैल झालेले येतील तेवढेच येऊ द्यावेत. जो अडतो तो तसाच राहू द्यावा, त्याला उद्याची संध्याकाळ आहे. तेलाने गोंद विरघळत नाही, पकड हळूहळू ढिली होते, म्हणून घाई उपयोगाची नाही. शेवटी पापण्या कोमट पाण्याने हलकेच धुवून टिपून घ्याव्यात. तेल डोळ्यात गेलेच तर थोडा वेळ धूसर दिसते, पाण्याने धुतले की जाते.

त्या मुलीचे पहिल्या संध्याकाळी जेमतेम पाच-सहा निघाले. उरलेल्यांसह ती माहेरी गेली आणि तिथे तिच्या आईने चार दिवसांत बाकीचे सोडवले.

आणखी एक. एक्स्टेन्शन गळतील या भीतीने पुष्कळ जणी डोळेच धूत नाहीत. आपल्या भागात हे फार वाईट. माजरीकडच्या खाणी, कोळशाचे ट्रक, उन्हाळ्यातला फुफाटा, सगळी धूळ त्या दाट केसांत अडकून बसते. कडांना कोंड्यासारखी पूड दिसू लागते, खाज सुटते, सकाळी डोळे चिकटतात. हा पापणीच्या कडेचा दाह आहे, एक्स्टेन्शन असले तरी रोज कडा स्वच्छ ठेवायलाच हव्यात.

लावल्यावर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत पापण्या सुजल्या, लाल होऊन खाजू लागल्या, तर गोंदाची अॅलर्जी असण्याचा संभव आहे. दुखत असेल, उजेड सोसत नसेल, धूसर दिसत असेल, पू येत असेल, तर तेलपाणी करत बसू नये. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे, चंद्रपूरला जावे लागले तरी. घरात उरलेले थेंब मात्र मुळीच घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल तर डोळ्यातली जंतूंची बाधा वाढते. गोंद किंवा रिमूव्हर डोळ्यात गेले तर लगेच पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. पापण्या एकमेकींना चिकटल्या तर जोर लावून उघडू नयेत, ओले फडके ठेवून तसेच डॉक्टरांकडे न्यावे. आणि हो, फेविक्विकची नळी औषधांच्या डब्यात कधीही ठेवू नका. डोळ्यांच्या थेंबांऐवजी चुकून तीच घातल्याची उदाहरणे डॉक्टरांच्या पाहण्यात आहेत.

घरात पुढचे लग्न असेल तर पार्लरमध्ये आधीच दोन गोष्टी विचाराव्यात. दोन दिवस आधी कानामागे गोंदाचा ठिपका लावून पाहतील का, आणि काढायचे पैसे वेगळे घेतात की त्यातच धरलेले असतात.