एलिंग्टन यांचे 1965 सालचे देणे

संगीताचे पुलित्झर पारितोषिक अमेरिकेत 1943 पासून दिले जाते. 1965 सालापुढे मात्र कोणाचेच नाव नाही. ती जागा जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांची आहे आणि ती त्यांना मिळालीच पाहिजे.

त्या वर्षी तिघा परीक्षकांना एकही नवी रचना पारितोषिकाच्या तोलाची वाटली नाही. त्याऐवजी एलिंग्टन यांच्या आजवरच्या साऱ्या कामगिरीचा विशेष सन्मान करावा, अशी शिफारस त्यांनी केली. पुलित्झर मंडळावर वृत्तपत्रांच्या संपादक-मालकांचा भरणा होता. त्यांनी शिफारस फेटाळली आणि पारितोषिकही कोणाला दिले नाही. विन्थ्रॉप सार्जंट आणि रोनाल्ड आयर या दोन परीक्षकांनी राजीनामे दिले.

एलिंग्टन तेव्हा 66 वर्षांचे होते. इतक्या लहान वयात आपण फार प्रसिद्ध होऊ नये अशी नियतीची कृपा दिसते, असे ते म्हणाले. हे उद्गार त्यांच्या दिलदारपणाचा दाखला म्हणून सांगितले जातात. पण नॅट हेन्टॉफ या समीक्षकाकडे त्यांनी मनातले बोलून दाखवले होते. युरोपीय परंपरेचे तेवढेच संगीत प्रतिष्ठित, अशी बहुतेक अमेरिकनांची धारणा आहे, तेव्हा आपल्या संगीताला घरी मान नाही याचे नवल वाटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातली जखम लपत नाही.

मंडळाने नाकारले तरी काय? एलिंग्टन ‘ट्रम्पेटसाठी’ लिहीत नसत, कूटी विल्यम्स यांच्या ट्रम्पेटसाठी लिहीत. 1940 ची ‘कॉन्चेर्टो फॉर कूटी’ ऐकावी. जॉनी हॉजेस यांचा ऑल्टो सॅक्सोफोन एका सुरावरून दुसऱ्यावर कसा घसरत जातो, हे ओळखून ते त्यांच्यासाठी स्वर मांडत. वादकाचा श्वास आणि स्वभाव हाच रचनेचा कच्चा माल. संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न यांच्याबरोबरची भागीदारी तर अशी एकजीव, की कुठली ओळ कोणाची हे सांगणे जाणकारांनाही जड जाते. 1943 साली कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी ‘ब्लॅक, ब्राउन अँड बेज’ सादर केली, ती आफ्रिकी-अमेरिकी समाजाचा इतिहास सांगणारी दीर्घ रचना होती. कागदावरच्या स्वरलिपीपुरतेच संगीत पाहणाऱ्या मोजपट्टीत हे काम मावत नव्हते. तोकडी होती ती मोजपट्टी.

आणि हाच कलावंत अमेरिकेला परदेशात मिरवायला हवा होता. 1963 साली परराष्ट्र खात्याने त्यांचा वाद्यवृंद आशियाच्या दौऱ्यावर पाठवला, मुंबईकरांनीही तो ऐकला. त्यानंतर दोनच वर्षांत घरच्या मंडळींनी दार लावून घेतले.

पुढे मानसन्मान आले. 1969 मध्ये, सत्तराव्या वाढदिवशी, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी व्हाइट हाउसमध्ये त्यांना ‘मेडल ऑफ फ्रीडम’ दिले. 1973 मध्ये फ्रान्सने ‘लिजन ऑफ ऑनर’ दिला. 1974 च्या मे महिन्यात ते गेले. पुलित्झर मंडळाचा विशेष सन्मान 1999 साली आला, जन्मशताब्दीचे निमित्त साधून. परीक्षकांनी मागितले होते तेच, 34 वर्षे उशिरा. ज्याच्यासाठी मागितले तो ते घ्यायला उरला नव्हता.

1999 मध्ये हिशेब मिटला, असे काहींना वाटते. मला ते पटत नाही. शताब्दीचा सन्मान थोर माणसाला वंदन करतो, झालेल्या अन्यायाची दखल घेत नाही. मधल्या काळात मंडळाने आपली फूटपट्टीही बदलली आहे. 1997 मध्ये विन्टन मार्सालिस आणि 2007 मध्ये ऑर्नेट कोलमन या जॅझ संगीतकारांना संगीताचे मुख्य पारितोषिक मिळाले. मग एलिंग्टन यांनाच वेगळ्या पंगतीला का बसवायचे? जॅझचे इतिहासकार टेड जोइया यांनी 2022 मध्ये हीच मागणी लावून धरली आणि हजारो संगीतप्रेमींनी तिच्यावर सह्या केल्या.

जुने निकाल उकरू नयेत, हा आक्षेप इतर वर्षांना लागू पडेल. 1965 चे पारितोषिक कोणाकडून काढून घ्यायचे नाही, कारण ते कोणाला दिलेलेच नाही. नवे परीक्षक नेमण्याचीही गरज नाही. त्या वर्षीच्या परीक्षकांनी एलिंग्टन यांचे नाव सुचवलेले आहेच. मंडळाने एक बैठक बोलवावी आणि तो ठराव करावा.