उसनी आवड खोटी नसते

रियाधच्या ओलाया भागातल्या मराठी घरांत गुरुवारी रात्री मंडळी जमली की आपल्या मुलांवर एक आरोप हमखास होतो. ही पोरं प्रतीक कुहाडसारखे इंडी, म्हणजे स्वतंत्र, गायक ऐकतात, सीरा या रियाधच्या मुलींच्या रॉक बँडची अरबी गाणी लावतात, डिसेंबरात इथल्या साउंडस्टॉर्म संगीत महोत्सवाची तिकिटं काढतात. पण यात गाण्याची ओढ नाही, सगळं फोनवर फोटो टाकण्यासाठी. इंडी म्हणजे नुसतं मिरवणं. आरोप करणारे माझ्याच पिढीचे आहेत, आणि त्यांचा निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही.

आरोपात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. 2006 साली 'सायन्स' या नियतकालिकात सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चौदा हजारांहून अधिक लोकांना अनोळखी बँडची 48 गाणी ऐकायला दिली होती. काहींना नुसती गाणी दिसली. बाकीच्यांचे आठ गट केले आणि आपल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं हा आकडाही त्यांना दाखवला. आकडा दिसू लागताच वर गेलेली गाणी आणखी वर गेली, आणि एका गटाने डोक्यावर घेतलेलं गाणं दुसऱ्या गटात मागे पडलं. आपल्याकडचं उदाहरण तर ताजं आहे. कुहाडचं 'कोल्ड/मेस' 2018 मध्ये आलं. 2019 च्या अखेरीस बराक ओबामांनी ते आपल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत घेतलं, आणि ज्यांनी तोवर त्याचं नावही ऐकलं नव्हतं त्यांनाही ते आवडू लागलं.

पण त्या प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष आरोप करणारे सांगत नाहीत. उत्तम गाणी क्वचितच तळाला गेली, सुमार गाणी क्वचितच माथ्यावर पोचली. उलथापालथ झाली ती मुख्यतः मधल्या गाण्यांत. गाजावाजा माणसाला गाण्यापर्यंत आणतो, त्याला तिथे थांबवतं ते गाणंच.

आणि आपली आवड कुठून आली? 1953 पासून पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव होतो. 'सवाईला जाऊन आलो' असं चारचौघांत सांगण्यात मान होताच. त्या मानापायी मांडवात गेलेले कितीतरी लोक पुढे ख्याल मन लावून ऐकू लागले. त्यांना आपण ढोंगी म्हणत नाही, रसिक म्हणतो. मग 2010 पासून पुण्याच्या एनएच7 वीकेंडर या संगीत महोत्सवाला जाणाऱ्यांना वेगळा न्याय का?

प्रतिष्ठेच्या बळावर आवड लादता येत नाही, हेही आपल्याच माणसामुळे सिद्ध झालं. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हलकी ठरून जवळजवळ हद्दपार झाली. देशाने काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. 1957 मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली.

रियाधचा दाखला याहून बोलका आहे. इथे वर्षानुवर्षं सार्वजनिक मैफली जवळपास नव्हत्याच. 2017 मध्ये सौदी गायक मोहम्मद अब्दू किंग फहद सांस्कृतिक केंद्रात गायले ती मोठी बातमी झाली. पहिलं साउंडस्टॉर्म तर 2019 चं. तोवर मिरवायला फारशी जागाच नव्हती, तरी गायक तलाल मद्दाह आणि अब्दू यांची गाणी घराघरांत, गाड्यांत वाजत होती. चारचौघांत दाखवायची सोय नसतानाही इथल्या माणसांनी गाण्यावर प्रेम केलं.

म्हणून माझं म्हणणं असं : इतरांकडे पाहून आवड लागली यात लाजण्यासारखं काही नाही. लाजिरवाणं आहे ते खरोखर आवडणारं गाणं लपवणं, आणि या बाबतीत दोषी आपण आहोत, मुलं नाहीत. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीतं ऐकून ज्यांचा गळा दाटतो अशी माणसं मी ओलायात पाहतो. ती गाणी ते ऑफिसला जाताना, काचा वर करून, एकट्याने ऐकतात. घरी पाहुणे आले की भावगीत लागतं, नाट्यपद लागतं. शिंद्यांचा आवाज जत्रेच्या कर्ण्यावरचा, वस्तीतला, आंबेडकरी जलशांच्या परंपरेतला. तो दिवाणखान्यात चालत नाही, हे कुणी न सांगताही सगळ्यांना पाठ असतं. अभिरुचीच्या नावाखाली इथे जात बोलते. हजारो किलोमीटरांवर, जिथे शेजाऱ्याला आपली आडनावंही उमगत नाहीत अशा शहरात येऊनही आपण हा सोवळेपणा जपतो, याची मला चीड येते. मुलांची इंडीची हौस याच्यापुढे कितीतरी निर्मळ आहे. त्यांना जे आवडतं ते निदान ती मोठ्याने वाजवतात.

येत्या गुरुवारच्या बैठकीत मुलांना सीरा लावू द्या, शेवटपर्यंत ऐका. मग त्याच स्पीकरवर, त्याच आवाजात प्रल्हाद शिंदे लावा, आणि तो माणूस कोण होता हे मुलांना नीट सांगा.