घोषणा सात हजारांची, शासन निर्णय पाच हजारांचा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य



मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातून निवृत्त झालेली आरोग्य सेविका आहे. माझ्या उपकेंद्राच्या गावांमध्ये काम करणाऱ्या आशाताईंची मोबदल्याची बिलं महिनाअखेरीस माझ्याकडे सहीला यायची. मला ठरलेला पगार होता, भरपगारी रजा होत्या, आज पेन्शन आहे. त्याच गावात, त्याच उन्हात, त्याच बाळंतिणीसाठी धावणाऱ्या माझ्या सहकारी बाईला यातलं काहीच नव्हतं. आशाताईंना माझ्या वकिलीची गरज नाही, त्या स्वतःचं गाऱ्हाणं आझाद मैदानात मांडून आल्या आहेत. पण सरकारी पगाराच्या बाजूला बसून मी जे पाहिलं, ते आपल्या कानावर घालणं मला माझं कर्तव्य वाटतं.

18 ऑक्टोबर 2023 रोजी राज्यातल्या आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या गटप्रवर्तक संपावर गेल्या. दिवाळी तोंडावर होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी आशांना दरमहा 7,000 रुपयांची वाढ आणि 2,000 रुपयांची दिवाळी भेट जाहीर केली. मंत्र्यांनी शब्द दिला म्हणून बायका कामावर परतल्या, आणि शासन निर्णयाची वाट पाहत बसल्या. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. 12 जानेवारी 2024 पासून त्यांना पुन्हा संप करावा लागला. फेब्रुवारीत त्या मुंबईत आल्या. लेकरं सासूच्या हवाली करून, हरभऱ्याची काढणी नवऱ्यावर सोपवून आलेल्या बायका आझाद मैदानात रात्री काढत होत्या. मार्चमध्ये निर्णय निघाला, तो 5,000 रुपयांचा, नोव्हेंबर 2023 पासून लागू.

त्या वेळी अनेकांनी मला विचारलं, राज्याच्या वाट्याचे 5,000 होते त्याचे एकदम 10,000 झाले, मग या बायका अजून नाराज का? वाढ मोठी होती, हे खरं आहे. देशात फार थोड्या राज्यांनी एका फटक्यात एवढं दिलं असेल, आणि त्याचं श्रेय सरकारला द्यायलाच हवं. पण जे जाहीर करून झालं होतं, तेच पदरात पाडून घेण्यासाठी त्यांना दुसऱ्यांदा रस्त्यावर यावं लागलं, आणि तरीही त्यातले दोन हजार गळाले. शिवाय गटप्रवर्तकांच्या हाती तेव्हा आशांइतकी वाढ पडली नाही. वीसेक आशांचं काम बघणारी, गावोगाव फिरणारी बाई, जिने संप शेवटपर्यंत धरून ठेवला, ती मागे राहिली. माझ्या ओळखीच्या आशाताई वाढ मिळूनही पेढे वाटू शकल्या नाहीत, त्या या कारणाने.

आता जरा त्यांच्या कामाकडे बघू या. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन, थर्मामीटर, नाळ बघायची, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचा. आईला अंगावरून जास्त जातंय का, हेही विचारायचं. या सहा भेटींचे मिळून 250 रुपये, म्हणजे एका भेटीचे 42 रुपयेसुद्धा नाहीत. तेही 42 दिवस उलटल्यावर, आणि वजन, जन्मनोंद, लस हे सगळं कागदावर असेल तरच.

अशाच एका सातव्या दिवशीच्या भेटीत आमच्या आशाताईने श्वास मोजला, तो सत्तरच्या वर गेला. साठच्या पुढे गेला की धोका, हे तिला प्रशिक्षणात पक्कं शिकवलेलं. तिने परत मोजला. आजी म्हणत होती, "आत्ता कुठं झोपलंय, कशाला उचलतीस?" 102 ला फोन लावला तर गाडी दुसऱ्या गावाला गेलेली. मग तिने वस्तीवरच्या जीपवाल्याला उठवलं, बाळ-बाळंतिणीला घेऊन ग्रामीण रुग्णालय गाठलं. न्यूमोनिया निघाला, बाळ वाचलं. जीपचं भाडं तिने पदरचं भरलं. महिनाअखेरीस बिल माझ्यासमोर आलं, तेव्हा त्या रात्रीसाठी त्यात एकही रकाना नव्हता.

केंद्राने 2018 मध्ये नियमित कामांचा दरमहाचा मोबदला 1,000 वरून 2,000 केला. पुढची वाढ, 3,500 पर्यंतची, ठरायला 2025 उजाडलं. दहा वर्षं सेवा करून बाहेर पडणाऱ्या आशाला मिळणारी रक्कमही 20,000 वरून 50,000 झाली. ज्या बाईने ऐन तारुण्यात हे काम धरलं आणि आता जिचे गुडघे दुखतात, तिला ही रक्कम किती दिवस पुरेल, हे आपणच सांगावं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा आमच्या गावच्या आशाताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं म्हटलं. 2013 च्या भारतीय श्रम परिषदेने तर योजनांवर राबणाऱ्यांना कामगार मानावं, किमान वेतन द्यावं, अशी शिफारस केली होती. आशा मात्र कागदोपत्री अजून स्वयंसेविकाच आहेत, त्यामुळे त्यांना भविष्य निर्वाह निधी नाही, बाळंतपणाची भरपगारी रजा नाही. शेकडो बाळंतपणांसाठी धावणाऱ्या बाईला स्वतःच्या बाळंतपणात बिल शून्य येतं, हे मी सही करताना पाहिलेलं आहे.

राज्य सरकारने 2024 मध्ये अपघाती मृत्यूसाठी 10 लाखांचं साहाय्य ठरवलं, ते योग्यच केलं. पण जिवंतपणी, धडधाकट असताना महिना कसा काढायचा, हा त्यांचा रोजचा प्रश्न आहे.

तेव्हा माझी विनंती अशी. यापुढे वाढ जाहीर करायची असेल तर वित्त विभागाची मान्यता घेऊन, शासन निर्णय हातात असतानाच करा. 7,000 मधले उरलेले 2,000 येत्या अधिवेशनाच्या पुरवणी मागण्यांमध्ये घाला, आणि गटप्रवर्तकांना त्यात धरा. राज्याचे पैसे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यात पडू द्या, केंद्राचा हप्ता आला नाही म्हणून ते अडवू नका. बाळंतपणाची रजा आणि भविष्य निर्वाह निधी देण्यासाठी दिल्लीच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही, राज्य आपल्या तिजोरीतून सुरुवात करू शकतं. आणि या निर्णयांचा मसुदा करताना संघटनांच्या प्रतिनिधींना आधी बोलवा, संपाची नोटीस येण्याची वाट बघू नका.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका