मागे पडलेल्या घोड्याचा श्वास

मुंबईत महालक्ष्मीच्या ज्या मैदानावर १८८३ पासून शर्यती होत आल्या आहेत, तेथे काल-परवापर्यंत आघाडीवर असणारा घोडा अखेरच्या टप्प्यात एकाएकी मागे पडू लागला, की मालकापासून प्रेक्षकापर्यंत सारेजण जॉकीवर नाहीतर वजनावर ठपका ठेवतात. आणि पायांत दोष सापडला नाही, म्हणजे जनावर कामचुकार झाले, असा शेरा त्याच्या नावापुढे कायमचा पडतो. हा शेरा मला अन्यायाचा वाटतो, कारण लंगडेपणाच्या खालोखाल अशा अपयशाचे मूळ श्वसनमार्गात असते.

घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. ठाणावर उभा असता मिनिटाला दहा-बारा श्वास घेणारे हे जनावर चौखूर धावू लागले, की प्रत्येक झेपेगणिक एक, असे मिनिटाला सव्वाशेच्या आसपास श्वास घेते. अशा वेळी श्वासनलिकेत थोडा कफ साचलेला असला, स्वरयंत्राची डावी बाजू लुळी पडलेली असली, वा फुप्फुसात सूक्ष्म रक्तस्राव होत असला, तर त्याचा दम तुटावा यात नवल ते काय? उभ्या घोड्याच्या छातीला नळी लावून यातले पुष्कळसे कळत नाही. धावून आल्यावर तास-दीड तासात नाकातून दुर्बीण घातली, तर नाकपुडीबाहेर क्वचितच येणारे रक्त आत दिसते. टाळूचा मऊ पडदा जागचा सरकतो तो बहुधा ऐन धावेत, म्हणून हल्ली लगामाबरोबर बांधायची दुर्बीणही निघाली आहे.

तरीही पहिला साक्षीदार मोतद्दारच. पहाटे गवताची पेंढी झटकताच घोडा दोनदा खोकला, मान खाली घालताच नाकातून पांढरट धागा लोंबला, ही त्याची जबानी दफ्तरी दाखल व्हावयास हवी. ज्यांच्या वाडवडिलांची छाती गिरणीतील कापसाच्या धुळीने सुट्टीनंतर कामावर परतताच आवळून येई, त्या लालबाग-परळच्या वाचकांना कोंदट पागेतील धूळ काय करते, हे मी निराळे सांगावयास नको.

त्याच परळात १८८६ पासून पशुवैद्यक शिकविले गेले आहे. शहरात ज्ञानाची वाण नाही. तेव्हा घोडेमालकांना माझी कळकळीची विनंती आहे, की जॉकी बदलण्यापूर्वी, चाबूक वाढविण्यापूर्वी आणि घोडा विकावयास काढण्यापूर्वी धावेनंतरची दुर्बीण-तपासणी एकवार करवून घ्यावी, आणि तोवर पागेच्या खिडक्या उघड्या ठेवून गवत भिजवूनच घालावे.