बुश दोनशेचा, चाचणी वर्षाची

मारुती जिप्सी 1985 साली रस्त्यावर आली आणि 2018-19 च्या सुमारास सर्वसामान्य ग्राहकासाठी तिचं उत्पादन थांबलं. सह्याद्रीच्या घाटात ती आजही दिसते. तिला पुढे-मागे दोन्हीकडे पाटे आहेत, आणि पाट्यांच्या डोळ्यातले रबरी बुश वयानुसार फुटतात. मग गाडी खडखडते, रेषेत चालत नाही. बाजारातल्या स्वस्त डुप्लिकेटवर किती भरवसा ठेवायचा, हे प्रत्येक जिप्सीवाला जाणतो. म्हणून काही हौशी मंडळी पॉलियुरेथेनचे बुश स्वतः बनवून विकतात. या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्यांचं काम लोक फार हलक्यात घेतात याचा रागही.

जुना बुश लेथवाल्याला नेऊन दिला की तसाच दुसरा निघतो, असा समज आहे. जुना बुश झिजलेला असतो, दबलेला असतो. त्याचं माप घेणं म्हणजे झीजच कॉपी करणं. माप घ्यायचं ते पाट्याच्या डोळ्याचं आणि बोल्टचं, तेही वेगवेगळ्या सालांच्या चार-पाच गाड्यांवर. कारण डोळाही गोल राहिलेला नसतो.

मग येतो कडकपणा. शोअर ए मापावर 70 आणि 90 यांतला फरक हाताला फारसा कळत नाही, पण सीटवर बसल्यावर लगेच कळतो. कडक बुशाने गाडी घट्ट वाटते आणि प्रत्येक खड्डा थेट चासीत उतरतो. रबर पिळवटून काम करतं. पॉलियुरेथेन बहुतेक वेळा आतल्या लोखंडी स्लीव्हवर फिरतं. स्लीव्ह खरखरीत राहिली किंवा ग्रीस चुकीचं लागलं, तर बुश करकरतो.

आणि ओलावा. पॉलिएस्टर जातीचं पॉलियुरेथेन उष्ण, दमट हवेत हळूहळू कुजतं. पॉलिइथर जातीचं बरंच टिकतं. दिसायला दोन्ही सारखीच. कोकणात गाडी नेणाऱ्याला हा फरक कळायला दोन पावसाळे जावे लागतील, आणि तोवर विक्री होऊन गेलेली असेल. प्रामाणिक माणूस म्हणूनच संच बाजारात आणायला घाई करत नाही.

खर्च इथेच आहे. समजा साचा आणि नमुने मिळून 60 हजार लागले आणि 200 संच विकले, तर एका संचावर 300 रुपये केवळ त्याचेच पडतात. फसलेल्या तुकड्या, फिटरची मजुरी, बदलून दिलेले संच वेगळेच. मोठी कंपनी हा भार लाखभर नगांवर वाटते. छोट्याकडे जेमतेम दोनशे गिऱ्हाइकं असतात.

कायद्याची बाजूही त्याने ओळखावी. नोंदणीपुस्तकातला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये, सुरक्षेसाठी कळीचा म्हणून अधिसूचित झालेला पण निकषात न बसणारा भाग विकल्यास प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड किंवा वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हे योग्यच आहे. ब्रेक आणि स्टिअरिंगला हौशी माणसाने हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र छोट्या तुकडीच्या चाचणीसाठी परवडणारं वेगळं शुल्क सरकारने ठरवायला हवं; नाहीतर चांगला माणूस थांबतो आणि डुप्लिकेटवाला चालूच राहतो.

तुमच्याकडे जिप्सी असेल आणि कुणी नमुन्याचे बुश बसवून बघायला गाडी मागितली, तर द्या. महिन्याभराने काय जाणवलं ते त्याला खरंखरं सांगा. आणि संच तयार झाला की घासाघीस न करता पूर्ण किंमत मोजा.