औट्रम घाट: पाटी पुसू नका, पुरी लिहा

मंडळी, चाळीसगावहून कन्नडला जाताना औट्रम घाट लागतो. हे आडनाव खुद्द इंग्रजांतही फारसं आढळत नाही, पण जागा बघा किती! कोलकात्यात हुगळीकाठी औट्रम घाट, सिंगापुरात औट्रम रोड, अंदमानात औट्रम बेट. सगळ्या एकाच माणसाच्या नावाच्या: सर जेम्स औट्रम (१८०३-१८६३).

कोणी म्हणतं, गोऱ्या साहेबाचं नाव कशाला, बदलून टाका. कोणी म्हणतं, साहेबानं खानदेशाला शिस्त लावली, राहू द्या. मला दोन्ही पटत नाही.

औट्रम १८२५ मध्ये खानदेशात आला. आमच्या अमळनेरशेजारच्या धरणगावात त्यानं भिल्लांची पलटण उभी केली. भिल्लांचं बंड भिल्लांकडूनच मोडायचं, ही सरकारची युक्ती. दहा वर्षांनी साहेब इथून गेला, १८५७ मध्ये लखनौला लढला आणि शेवटी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला जागा मिळाली.

आणि ज्यांच्या जिवावर ती पलटण उभी राहिली, ते शिपाई? त्यांच्या नावाचा घाट कुठे आहे? पलटणीचं राहू द्या, खाज्या नाईकांचं बघा. सरकारी नोकरीत ते सेंधवा घाटाच्या रस्त्याची राखण करत. १८५७ मध्ये तेच सरकारविरुद्ध उठले. १८५८ मध्ये अंबापाणीची लढाई झाली, १८६० मध्ये नाईक मारले गेले. घाट राखला नाईकांनी, घाटाला नाव मात्र साहेबांचं! हा हिशेब आम्ही पोरांना कधी सांगणार?

म्हणूनच नाव बदलायला माझा विरोध आहे. २०१८ मध्ये अंदमानातल्या हॅवलॉक बेटाचं नाव बदललं. तिथलं पोर आता "हा हॅवलॉक कोण?" असं विचारणारच नाही. नाव पुसलं की प्रश्नही पुसला जातो, आणि प्रश्न पुसला की नाईकही पुन्हा विसरले जातात. आधीच पुसलेल्या माणसांना त्यानं काय मिळालं?

मास्तर माणूस मी, चुकीचं उत्तर खोडण्यापेक्षा अर्धवट उत्तर पुरं करून घेण्याची सवय. घाटात औट्रमची पाटी राहू द्या. तिच्याखाली धरणगावची पलटण, खाज्या नाईक आणि अंबापाणी यांच्यावर चार ओळी मराठीत आणि भिलीत लिहा. दोन डबे रंग पुरेल.

पटत नसेल त्यांनी जरूर कळवावं. पण "नावात काय आहे" एवढं एकच वाक्य नको. नावात काही नसतं, तर साहेबांनी ते इतक्या ठिकाणी कशाला लावून ठेवलं असतं?